न चाखलेला पेला

चैत्र लागला की बाजारातली लिंबं आक्रसतात. भाजीवाली चार लिंबं हातावर ठेवते आणि वर उपकार केल्यासारखी बघते. घरासमोरच्या कडुलिंबाला मोहर येतो, दुपारभर त्याचा बारीक चुरा ओसरीवर पडत राहतो. आणि मी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, गुडघ्यांवर हात ठेवत उठतो, स्वैपाकघरात जातो आणि जिनचा एक पेला करायला घेतो.

दचकू नका. मी दारू पीत नाही. आजतागायत जिभेला थेंब लावलेला नाही. बाटली मुलानं आणून ठेवलीय, पाहुण्यारावळ्यांसाठी. इथं पाहुणे कोण येतंय म्हणा! इथं येऊन गेली की सूनबाई पुण्याहून फोनवर विचारते, "बाबा, बाटली थोडी थोडी कमी होतेय, पण तुम्ही तर घेत नाही." मी म्हणतो, "उडून जाते गं. धाराशिवचं ऊन तुला काय ठाऊक?" ती हसते आणि फोन ठेवते. मग घरात फ्रीजचा आवाज तेवढा राहतो.

ही होती तोवर बाटली घरात येणं शक्यच नव्हतं. तेव्हा मी नुसतं लिंबाचं आणि मधाचं सरबत करायचो, कपाटातून ते जुनं मापटं काढून मोजूनमापून करायचो, आणि न चाखता अंगणातल्या मोगऱ्याला ओतून यायचो. ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "एवढी उठाठेव करता नि मोगऱ्याला घालता. मोगरा काय जावई लागतो का तुमचा?" मी पेला विसळून ठेवायचो. बावन्न वर्षांच्या संसारात हिला सगळं सांगितलं, एवढं एक सांगितलं नाही. ही गेली त्याला हा तिसरा चैत्र. आता सांगायचं म्हटलं तरी ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहून काढतोय.

विलीनीकरण होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, पण कचेरीतली माणसं अजून पगाराला 'तनखा' आणि अर्जाला 'दरखास्त' म्हणत होती. आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. मुंबईकडं दारूबंदी, आमच्याकडं येणार येणार म्हणत होते, आली नव्हती. त्यामुळं तिकडच्या मोठ्या साहेबलोकांना आमच्या जिल्ह्यातले दौरे फार प्रिय. सडकेची पाहणी असायची दुपारी तासभर, बाकी सगळी पाहणी डाकबंगल्यात.

असा एक डाकबंगला मुरूमच्या फाट्यापासून कोसभर अलीकडं, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून होता. मी तेवीस वर्षांचा, नवाकोरा ओव्हरसियर. सडकेच्या डागडुजीवर नेमणूक, आणि राहायला बंगल्याच्या कडेची एक खोली. आई गावी, तेरला. गाव जवळ नव्हतं. सकाळी गँगची माणसं यायची, खडी फोडायची, दिवस मावळायच्या आधी आपापल्या वाडीला निघून जायची. संध्याकाळची मोटार धूळ उडवत गेली की पुढं काही नाही. करडईची आणि ज्वारीची रानं काढून झालेली, जिकडं बघावं तिकडं धसकटं. फाटकासमोर मैलाचा दगड होता, त्याला मी 'अण्णा' म्हणायला लागलो होतो. रोज संध्याकाळी "काय अण्णा, आज काय विशेष?" हसू नका. करमत नाही म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. रडूही यायचं, आणि आपण एवढे घोडे झालो नि रडतोय याची लाज वाटायची.

बंगल्यावर आणखी एकच माणूस होता, दस्तगीरचाचा. खानसामा. साठीच्या पुढचा, किडकिडीत, दाढी मेंदीनं तांबडी, आणि अचकनीला एकही सुरकुती नाही. तरुणपणी तो हैदराबादजवळ बोलारमच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडं होता. तिथं तो मटण, पुडिंग आणि पेयं असं सगळं शिकला. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. दारूला त्यानं उभ्या आयुष्यात तोंड लावलं नव्हतं. पण बनवायचा अशी की, म्हणे, गोरे लोक पेला ठेवून टाळ्या वाजवायचे. नुसत्या वासावर आणि रंगावर बनवायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, तुमच्यात हे चालतं का?" तर म्हणाला, "पीना मेरेकू हराम है. बनाने का जवाब मैं ऊपर जाके देतूं. अल्लाकू मालूम है मेरे घर का चूल्हा कायसे जलता."

पहिले दोन महिने आमचं बोलणं जेवणापुरतं. मी त्याच्या हातचं खायचो, आमच्या तेरच्या भटजीच्या घरात हे कळलं असतं तर आईनं अंघोळ घातली असती मला. पण त्याची डाळ! मीठ कधी कमी नाही, कधी जास्त नाही. तो कधी विचारायचाही नाही. वाढून झालं की कंदील उचलायचा आणि आपल्या खोलीकडं जायचा.

मग फाल्गुनात पत्र आलं. मुंबईकडचे मोठे इंजिनियर साहेब चैत्रात दौऱ्यावर येणार, मुक्काम याच बंगल्यात. पाठोपाठ कचेरीतून उडत उडत असंही आलं, की सडकेवरच्या बंगल्यांना खानसामे कशाला हवेत, एक चौकीदार बस आहे, असं नव्या सरकारचं म्हणणं पडतंय; कुठला खानसामा ठेवायचा, कुठला नाही, ते हेच साहेब ठरवणार. चाचानं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा माझ्या खोलीशी आला आणि उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"ओवरसियरसाब, आप लेते ना कभी कभी?"

मी 'नाही' म्हणालो असतो तर? तर तो 'अच्छा' म्हणून उठला असता आणि मी परत अण्णाशी बोलत बसलो असतो.

"घेतो की," मी ठोकून दिलं. "हैदराबादेला शिकायला होतो तेव्हा लई व्हायचं."

चाचाचं तोंड उजळलं. "बस, तो मेरा काम हुआ. मैं बनातूं, आप चखो. मेरी आँख है, नाक है, जीभ नै. वो आप देव."

आता खरं सांगतो. माझा थोरला काका शिंदीपायी गेला होता. नोकरीवर निघालो त्या सकाळी आईनं माझ्या तळहातावर बेलभंडारा ठेवला आणि म्हणाली, "बाळू, जिभेला लावायचं न्हाई. उचल." मी उचलला. आमच्याकडं बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर तुळजापूरची आई बघून घेते. म्हणजे बघा कसा योग. जो बनवणार त्याला हराम, आणि जो चाखणार त्याला शपथ. आणि दोघांच्या मधे जिनचा पेला.

पण त्या फाल्गुनातल्या संध्याकाळी! आठवलं की अजून छातीत ऊब येते. चाचा बंगल्याच्या व्हरांड्यात चटई टाकायचा. लिंबं आधी फरशीवर तळव्याखाली लोळवायचा, सावकाश, पोळीला लाटणं फिरवावं तशी. मग आडवी चिरायची आणि एकदाच पिळायची. "दुसरे बार नक्को. दुसरे बार दबाये तो कडवा बाहर आता," तो म्हणायचा. रस कधी काढून ठेवायचा नाही. पेला करायचा त्याच वेळी लिंबू कापायचं.

मध आमच्या गँगमधला भिमण्णा आणून द्यायचा. "ओरशेर, करडीच्या फुलावरचा हाय. दुसरा न्हाय," असं दर वेळी शपथेवर सांगायचा. मध घट्ट, तो तसा मिसळत नाही. चाचाच्या गोऱ्या साहेबाची रीत अशी की मधात कढत पाणी घालायचं. मी ओरडलोच, "मध तापवू नये चाचा, विष होतं! आमची आई म्हणते." चाचानं माझ्याकडं पाहिलं. गोरा साहेब एका बाजूला आणि तेरची माझी आई एका बाजूला. "माँ बोली तो माँ की बात," म्हणाला. तेव्हापासून मधाची वाटी दुपारभर व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात असायची, वरून फडकं. संध्याकाळी त्यात कोमट पाणी घातलं की मध गुमान विरघळायचा.

मग लिंबाचा रस आणि मधाचं पाणी एकत्र. ते सरबत चाचा चमच्यानं स्वतः चाखायचा, डोळे मिटून. बरोबर वाटलं की मगच जुन्या बाटलीतली जिन एका छोट्या मापट्यानं ओतायची. दोन पेले तोंडाला तोंड लावून, ओलं फडकं गुंडाळून, खांद्याशी धरून हलवायचे. बर्फ तर नव्हता. रांजणातलं गार पाणी. "बरफ रहा तो आवाज से समझता," तो म्हणायचा, "बरफ बोलते बोलते चुप होता, तब बस." या पेयाचं इंग्रजी नाव त्याला गोऱ्या साहेबानं सांगितलं होतं. त्याचा अर्थ म्हणे मधमाशीचे गुडघे. "चाचा, मधमाशीला गुडघे असतात?" "साब, अंग्रेजां को दिखते होंगे." आणि आम्ही दोघं हसायचो. त्या बंगल्यात मी हसलो तो तेवढाच.

पेला हातात आला की मी उठून व्हरांड्याच्या टोकाला जायचो, "जरा वाऱ्यावर घेतो" म्हणत. टोकाला खाली मोगरा होता. मी पाठ करून पेला मोगऱ्याला ओतायचो, ओठ पुसायचो, परत यायचो. "अव्वल, चाचा." चाचा खूश. मग तो बोलारमच्या गोष्टी सांगायचा, त्याच्या मुलीच्या, वारलेल्या बायकोच्या. मी तेरच्या सांगायचो. कुणाचंच काही बिघडत नव्हतं, कारण सरबत तो स्वतः चाखत होता. माझं 'अव्वल' नुसतं वरचं. मोगरा मात्र त्या साली असा काही फुलला! "पानी तो मैं कमीच देतूं," चाचा नवल करायचा, "फिर कैसा फुलता क्या की." खाली मुंग्यांची रांग लागलेली असायची. मी तिच्यावर पाय ठेवून उभा राहायचो.

आमचा पाडवा आणि त्यांचा रमजान त्या साली हातात हात घालून आले. सकाळी मी कडुलिंबाची कोवळी पानं गुळाबरोबर चावली आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा चाचा हसून म्हणाला, "साल का पहिला दिन और कडवा?" दुसऱ्या दिवसापासून त्याचे रोजे सुरू झाले. आणि चार-पाच दिवसांनी साहेब आले.

त्या दिवशी निरोप होता, साहेब दिवस मावळताना पोचतील. म्हणजे नेमकी रोजा सोडायची वेळ. चाचाला सकाळपासून घोर. एका बाजूला नमाज, एका बाजूला साहेब. चैत्रातली लिंबं सुपारीएवढी, आणि मुरूमच्या बाजारात मिळाली तीही मोजकीच. शेवटी त्यानं आपला नेम मोडला. रस दुपारीच काढून ठेवला. लिंबं कमी म्हणून दुसऱ्यांदा पिळली, तीही जरा जोरातच. उपाशी, तहानलेला माणूस तो, उन्हाचा. मध घालून सरबताचं भांडं ओल्या फडक्याखाली टेबलावर ठेवलं. "मेरा उस्ताद देखता तो कान पकडता," असं म्हणून कसंनुसं हसला.

पाचच्या सुमारास त्यानं एक पेला पुरा करून माझ्या हातात दिला. "चखो साब. आज मेरा मुँह बंद है."

मी नेहमीसारखा टोकाला गेलो. मोगऱ्याला ओतला. ओठ पुसले.

"अव्वल."

चाचा हलला नाही. "साब, दिल से बोलो. रस बहोत देर का है. कडवा तो नै लगता?"

"छे हो! साखर आहे, साखर."

त्यानं दोन्ही हात आभाळाकडं केले आणि कामाला लागला.

साहेब आले. वाईट नव्हते हो साहेब, उगीच त्यांना नावं कशाला ठेवू? थकलेले, धुळीनं माखलेले, बरोबर दोन इंजिनियर. जीपमध्ये सोलापुराहून भुश्शात घालून आणलेला बर्फ. चाचानं एका खजुरावर रोजा सोडला, नमाज थोडक्यात आटपली आणि अचकन चढवून हजर. बर्फ फोडला, पेले जोडले, हलवले. कान लावून ऐकलं. बर्फ बोलता बोलता गप्प झाला. पेला तबकात ठेवून त्यानं साहेबांच्या पुढं केला, तेव्हा तो मला खरोखर बोलारमचा तरुण खानसामा दिसला.

साहेबांनी मोठा घोट घेतला आणि तोंड असं केलं, जसं मी पाडव्याला केलं होतं.

"खानसामा, हा काय काढा आहे का काडेचिराइताचा?"

इंजिनियर हसले. साहेबही हसले, मग म्हणाले, "जाऊ दे, नुसती जिन आण नि पाणी." चाचानं पेला उचलला. जाता जाता एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. पेपरात काय चुकलं ते न कळलेलं पोर मास्तरांकडं बघतं, तसं पाहिलं.

महिन्याभरानं हुकूम आला. बंगल्यावर चौकीदार राहील, खानसामा नको. असे हुकूम आणखीही बंगल्यांना आले होते म्हणे, म्हणजे ते त्या पेल्यामुळंच झालं असं नाही. मी स्वतःला हे हजारदा सांगितलंय. पण नोकरी गेल्याचं चाचाला तितकं नव्हतंच. त्या संध्याकाळनंतर तो रोज जेवताना समोर उभा राहायचा आणि विचारायचा, "साब, नमक बरोबर है?" ज्यानं कधी विचारलं नाही, तो वरणाला विचारायचा, भाजीला विचारायचा, चहालासुद्धा. "हाथ गया साब मेरा," म्हणायचा आणि आपले पंजे उलटेपालटे करून बघायचा. मीठ बरोबरच असायचं. मी सांगायचो, बरोबर आहे. त्याला खरं वाटायचं नाही. मला तेव्हाच सांगता आलं असतं, की चाचा, हात तुमचा गेला नाही, जीभ खोटी होती. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मी पाणी प्यायचो.

तो हुमनाबादला मुलीकडं निघाला तेव्हा मी फाट्यापर्यंत त्याची ट्रंक घेऊन गेलो. मोटार यायला वेळ होता. चाचा ट्रंकेवर बसला. "एक बात पूछूं साब? आप अव्वल बोले. साहेब काढा बोला. सच कोन बोला?"

सडकेवर दुसरं कुणी नव्हतं. विचारणारा तो आणि सांगणारा मी. मी बुटानं खडी उकरत राहिलो.

चाचानंच माझ्या पाठीवर हात ठेवला. "मैं समझ गया. कडवा था, आपकू भी लगा था. बुड्ढे का दिल टूटेगा बोलके आप घोट उतार लिये और अव्वल बोले. खानदानी आदमी हो साब." आणि त्यानं अचकनीच्या खिशातून ते मापटं काढून माझ्या हातात दिलं. मोटार आली. मी ट्रंक टपावर चढवून दिली. त्यानं खिडकीतून हात केला, मीही केला.

खोटं बोलल्याबद्दल त्यानं मला मारलं असतं तरी सोसलं असतं. त्यानं माझ्या खोट्याला चांगलं नाव दिलं आणि गेला. दोन वर्षांनी कामानिमित्त मी हुमनाबादवरून गेलो. मोटार स्टँडवर चांगली अर्धा तास थांबली. मी उतरलो नाही. एवढा भेकडपणा मी आयुष्यात दुसरा कुठलाच केला नाही.

आता आज. आज दुपारी मी मुद्दाम त्याच्या त्या दिवसासारखंच केलं. आक्रसलेली चार लिंबं, दोनदा पिळली. मध कठड्यावर उन्हात ठेवला होता. रस त्यात घालून भांडं ओल्या फडक्याखाली ठेवलं आणि दिवस मावळेपर्यंत ओसरीवर बसून राहिलो. समोरच्या घरात मुलांचा गलका, आमच्या घरात मी एकटा. मग आत गेलो. एका हातात मापटं, दुसऱ्या हातात बाटली. आणि बाटली कलती करता करता हात थांबला.

जिन तर शेवटी पडते. त्याआधी भांड्यात असतं ते नुसतं लिंबू-मधाचं सरबत. एकादशीलाही चालेल असं. त्या दिवशीही ते भांडं टेबलावर होतं, फडक्याखाली, माझ्यापासून हातभर. बेलभंडारा मी दारूसाठी उचलला होता, लिंबासाठी नव्हता. शपथेच्या नावानं इतकी वर्षं मी स्वतःला माफ करत आलो, आणि शपथ त्यात कुठं नव्हतीच. एक बोट बुडवायचं होतं फक्त. आणि मला ते सुचलंसुद्धा नाही, कारण चव बघायची हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मला चाचाची चटई हवी होती, त्याच्या गोष्टी हव्या होत्या, त्याचा पेला मला कधीच नको होता.

मी बाटली खाली ठेवली. बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

आधी गोड लागलं, करडईच्या मधासारखं. मग आंबट. आणि मग जिभेच्या मुळाशी तो कडूपणा आला, अगदी साफ, कुणाही शेंबड्या पोराला कळला असता असा.

"चाचा," मी रिकाम्या स्वैपाकघरात मोठ्यानं म्हणालो, "कडू झालंय. साहेब यायला अजून अवकाश आहे. हे टाका, मी लिंबं घेऊन येतो."

आणि पायांत चपला घालून बाजाराला निघालो.